आमच्या घरचा पहारा

आश्विन उतरणीला लागला की आमच्याकडच्या हवेला एक वास येतो. हळवं भात कापून झालेलं असतं, गरवं अजून उभं असतं, आणि बांधावर वाळत टाकलेल्या पेंढ्यावर सकाळचं दव पडून ऊन तापलं, की तो वास उठतो. गोडसर, जरासा कुबट. पाहुण्यारावळ्यांना फार आवडतो. परवाच शाळातपासणीला आलेले साहेब नाक वर करून म्हणाले, "वा मास्तर, सुगी म्हणतात ती हीच!" मी हो हो म्हटलं. मला मात्र हा वास दर वर्षी नकोसा होतो, आणि तो का होतो हे साहेबांना सांगायची सोय नव्हती.

याच वासात आमच्या गावचा सप्ताह बसतो. गाव चौक आणि खालापूरच्या मधे, पाताळगंगेच्या काठाला. दसऱ्यानंतरच्या एकादशीला देवळात वीणा उभी राहते ती सात दिवस कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. भुईला टेकवायची नाही, खुंटीला अडकवायची नाही. घराघराचा पहारा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. आमच्या घरचा पहारा सहाव्या दिवशी दुपारचा, आमच्यामागून राघोबुवांच्या घरचा. आता बुवा नाहीत, त्यांचा मुलगा महादू आहे. तो काल आला आणि ओटीवर बसून, तंबाखू चोळत, मला खिंडीत गाठल्यासारखा म्हणाला, "मास्तर, यंदा तरी तुमच्या घरचा पहारा तुमी धरा. दर साली दुसऱ्या कुनाला तरी उभं करताव."

"कंबर धरते रे महादू."

"शाळंत छडी घेऊन दिसभर उभं ऱ्हाताव, तवा नाय धरत?"

मी हसून चुन्याची डबी त्याच्याकडे सरकवली. आत वहिनी सुपात भात पाखडत होती. तिचं सूप क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. मी ते ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं. गेली सोळा वर्षं मी याच गोष्टीत तरबेज झालो आहे.

वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात कशी जाते, हे ज्याने पाहिलं नसेल त्याला सांगायला हवं. नवा पहारेकरी आंघोळ करून ओल्या पायांनी येतो. दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि मग उराउरी भेटतात. वीणा दोघांच्या छातीमधे. त्या मिठीतच तिचा पट्टा एका मानेवरून दुसऱ्या मानेवर सरकतो, म्हणजे वीणा क्षणभरही कुणाच्या गळ्यावाचून राहत नाही. मिठी मारल्याखेरीज वीणा काढता येत नाही आणि घालताही येत नाही. भांडलेले भाऊसुद्धा पहाऱ्याला भेटतात, आणि बांधावरून कोर्टात गेलेली माणसंही. लहानपणी मला वाटायचं, सप्ताह म्हणजे हीच मिठी, बाकीचं सगळं उगाच.

सोळा वर्षांपूर्वीच्या त्या आश्विनात मानमोडी आली. मोठी लढाई संपत आली होती. कर्जतच्या स्टेशनावर गाड्याच्या गाड्या भरून सोल्जर घाटावर जात, आणि मुंबईच्या गिरण्यांतून, गोदीतून आमची माणसं ताप घेऊन घरी येत. ताप यायचा, मान धरायची, आणि धडधाकट गडी तिसऱ्या-चौथ्या दिवशी जायचा. म्हातारे-कोतारे राहायचे आणि तिशीतले जायचे, हा कसला उफराटा न्याय ते कुणालाच कळेना. त्यात पाऊस भाद्रपदातच पाठ फिरवून गेलेला. शेतात लोंब्या उभ्या, पण हाताने चोळून पाहावं तर निम्म्या पळिंज, आत दाणाच नाही. जे काही दाण्याचं होतं ते कापायला माणूस नाही. पिकून वाकलेलं भात शेतातच झडत होतं, आणि वाऱ्यावर तोच वास येत होता.

डोंगरावरच्या ठाकरांनी आपल्या वाडीची वाट करवंदीच्या काट्या टाकून बंद केली. आम्ही शहाणी माणसं त्यांना हसलो. रोज दिवस मावळताना त्यांचा ढोल मात्र खाली ऐकू यायचा, नाच चालू असायचा.

मी तेव्हा गावच्या शाळेवर नुकता लागलो होतो. खालापूरच्या कचेरीतून एक पत्रक आलं, ते चावडीवर मीच वाचून दाखवलं. गर्दी करू नये, ताप असेल त्याने घरी पडून राहावे, त्याच्या श्वासाजवळ कुणी जाऊ नये. चांगला ठासून वाचला हो मी तो कागद! नवी नोकरी, नवा कोट. समोर निम्मं गाव बसलेलं, त्यात माझा थोरला भाऊ धोंडूदादाही. दादाला अक्षरओळख नव्हती, पण त्याच्या गळ्यासारखा गळा पंचक्रोशीत नव्हता. आईबाप गेल्यावर त्यानेच मला शिकवलं. मला नोकरी लागल्यापासून तो मला घरातही 'मास्तर' म्हणायचा. "मास्तर, बैलांना पानी दावा आता," असं.

कागद संपताच राघोबुवा उसळले. सप्ताह त्यांच्या हातात होता, आणि वय सत्तरीचं. "म्हंजे सप्ता बंद? माज्या आज्याच्या काळापासनं वीना उभी ऱ्हातेय रं. पटकी आली तवा बी उभी व्हती!"

दादा म्हणाला, "बुवा, पटकीत वीना धरून कोन उभं ऱ्हायलं? सगळी तर लोटा धरून पळत व्हती."

चावडी हसली. किती दिवसांनी हसली होती. आणि त्या हसण्याच्या भरात मला युक्ती सुचली. मी म्हटलं, कीर्तन नको, पंगत नको, देवळात टाळकऱ्यांची रांग नको. वीणा एकट्याने धरावी, एका वेळी एकच माणूस देवळात. बाकी ज्याने त्याने आपापल्या ओटीवर बसून टाळ वाजवावा. सप्ताहही मोडत नाही आणि गर्दीही होत नाही. बुवांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शिकल्याला मानूस तो शिकल्यालाच!" पहाऱ्यांची यादी मी स्वतःच्या हाताने लिहिली, वळणदार अक्षरात, तांबड्या शाईने रेघा मारून. सगळं बंद केलं. मिठी तेवढी राहिली. ती बंद करावी हे मला सुचलं नाही, कागद ऐकलेल्या कुणालाच सुचलं नाही. ती आम्हाला गर्दी वाटलीच नाही.

पहिले दोन दिवस काय सुंदर गेले! खोटं कशाला बोलू, असा सप्ताह मी पुन्हा ऐकला नाही. देवळातून एकट्या गळ्याचं नाम यायचं, आणि गावभरच्या ओट्यांवरून टाळ त्याला साथ द्यायचे. कुठला जवळचा, कुठला नदीकडचा, एक जरा मागून पडणारा, म्हणजे तो बहिऱ्या गणू कुंभाराचा. आमच्या ओटीवर सगुणावहिनी टाळ धरून बसली. पुरुष शेतावर गेले की बायकांनी टाळ उचलले, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. माणसं घरात कोंडलेली, पण सगळी मिळून एकच भजन चाललेलं.

तिसऱ्या दिवशी नदीकडचा टाळ आला नाही. आम्ही म्हटलं, कामाला गेला असेल. दुपारी कळलं. चौथ्या दिवशी कुंभाराचा गेला, आणि मग ते मागून पडणं नसल्यामुळे बाकीचे टाळ उगाच घाईत असल्यासारखे वाटू लागले. पुढे पुढे तर निरोप्याची गरजच उरली नाही. भाकरीचा घास हातात धरून माणसं कान द्यायची, आणि कुठल्या ओटीचा टाळ नाही ते ओळखून घास खाली ठेवायची. पाचव्या दिवशी संध्याकाळी डोंगराकडून ढोल आला नाही. काट्या टाकूनही कुठून शिरली कोण जाणे. त्या संध्याकाळी मी अंगणात किती वेळ उभा होतो. वरची वाडी नुसती काळी दिसत होती आणि मला रडू येत होतं.

सहाव्या दिवशी आमच्या घरचा पहारा. यादीत माझं नाव होतं, ते मीच घातलं होतं.

आता जे सांगतो ते मी सोळा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी उठलो तोच अंग ठणकत होतं. आंघोळीचं पाणी अंगावर घेतलं तर दात वाजले. वहिनीने पेज वाढली, ती दोन घोटांवर जाईना. मी ताट सारून उठलो. दादा समोर बसला होता. "काय रं मास्तर?" म्हणाला. "काही नाही, भूक नाही," असं म्हणून मी सोवळं नेसलो आणि देवळाकडे निघालो. मला ठाऊक होतं का? होतं. कागद मीच वाचला होता. पण युक्ती माझी, यादी माझी, आणि यादी लिहिणाराच घरी निजला तर गाव काय म्हणेल! बुवांची ती पाठीवरची थाप अजून ओली होती. माणूस कशाकशासाठी मरतो आणि मारतो, पाहा.

वीणा गळ्यात आली. ती तशी जड नसते, पण त्या दिवशी मान खाली खेचत होती. किती वेळ गेला कोण जाणे. माझा पहारा निम्मासुद्धा झाला नसेल, इतक्यात पाहतो तर दादा दारात उभा. ओल्या पायांनी.

"बुवांना शेतावर जायाचं हाय. त्यांच्या जागी मी धरतो. दे इकडं."

"अजून वेळ आहे दादा."

"दे म्हनतो ना."

मी वाकलो, तो वाकला. मग त्याने मला मिठी मारली. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवलं, एवढं आठवतं. पट्टा त्याच्या गळ्यात गेला. माझ्या कानाशी म्हणाला, "जा आता, गुमान घरी जाऊन पड. वाटंत कुनाशी बोलू नको." मला तर सुटल्यासारखं झालं. घरी येऊन पडलो तो पडलोच.

पुढचं काही मी घोंगडीखालून ऐकलं, काही मागाहून कळलं. दादाचा आवाज देवळातून येत होता, आणि ओटीवरून वहिनीचा टाळ. बाकी गावात दुसरा टाळ उरला नव्हता. दिवस कलला. दादानंतरचे पहारेकरी एकेक करून देवळाच्या पायरीशी गेले. दादाने कुणालाही आत येऊ दिलं नाही. लांबूनच हात हलवला. नाम म्हणता म्हणताच मान हलवली. राघोबुवा स्वतः गेले, तर त्यांच्यावर तो डोळे वटारून खेकसला म्हणे, "बुवा, पायरी चढू नका, सांगून ठेवतो!" त्याने वीणा सोडली नाही ती दुसऱ्या दिवशी काल्याच्या वेळेपर्यंत. खांबाला पाठ टेकून उभा होता. गळा बसला, मग नुसते ओठ हलत होते. काल्याला माणसं कुठली असणार? बुवांनी पायरीवरूनच दहीहंडी फोडली. सप्ताह पुरा झाला, मग दादाने आपल्या हाताने गळ्यातून वीणा काढून देवापुढे ठेवली आणि घरी येऊन माझ्या शेजारी आडवा झाला.

मी उठलो. तो उठला नाही. तिसऱ्या दिवशी, पेंढ्याचा वास घरभर भरलेला असताना, गेला. खांदा द्यायला चार माणसं मिळाली नाहीत. बैलगाडीतून न्यावं लागलं, आणि मला गाडीबरोबर चालवत नव्हतं म्हणून मी अंगणातूनच पाहिलं.

राघोबुवा पुढे दहा वर्षं जगले. खणखणीत जगले. दर सप्ताहात ते सांगायचे, "धोंडूला त्या दिशी देव दिसला व्हता. त्याला वीना सोडवना. मला बी पायरी चढू दिली नाय, इतका रमला व्हता." सांगता सांगता डोळे पुसायचे. आता त्या खांबाशी काल्याचा पहिला घास ठेवतात. पोरीबाळी हात जोडतात. मी ते पाहायचो आणि मला जाळून टाकावंसं वाटायचं, त्यांना नव्हे, स्वतःला. देव दिसला? माझा ताप दिसला त्याला. तो मी त्याच्या गळ्यात घातला, उराउरी भेटून, आणि त्याबद्दल गाव त्याला हात जोडतंय. आणि इतकं कळूनही मी गप्प, का तर मास्तरांची अब्रू! म्हणून कंबर धरायची. दर वर्षी, बरोब्बर सहाव्या दिवशी.

काल महादू गेला आणि वहिनी सूप घेऊन ओटीवर आली. तिचे केस आता पांढरे झालेत. मूलबाळ नाही. माहेरी गेली असती तर कुणी अडवलं नसतं, पण माझं लग्न, माझी पोरं, सगळं तिनेच केलं. तिच्या हातची पेज मी रोज पितो.

"भावजी, यंदा धरा वीना," ती म्हणाली.

"वहिनी, माझ्याच्याने होणार नाही."

"का वो?"

काय झालं कोण जाणे. वास होता म्हणा, वय झालं म्हणा. मी म्हटलं, "त्या दिवशी मला ताप होता वहिनी. सकाळपासून होता. मी लपवला. दादाला माझ्यामुळे आला."

मला वाटलं, सूप हातातून पडेल. ती पाखडतच राहिली. दोनदा पाखडलं, फोल बाहेर फुंकलं.

"ठाव हाय मला," म्हणाली.

"कसं?"

"तुमी पेज टाकून उठलाव, तवाच यांनी वळखलं. तुमी गेलाव, आनि मला म्हनाले, मास्तराला ताप हाय. त्याच्या मागनं बुवा हायत, आनि बुवांच्या घरात जवान पोर हाय. मी म्हटलं, मंग भावजींना माघारी आना. तर म्हनाले, आता वीना गळ्यात गेली गं त्याच्या. कोनीतरी मिठी मारल्याबिगर निघायाची नाय."

"मग... मग ती पुढे का नाही दिली त्याने? रात्रंदिवस उभा का राहिला?"

"कुनाला देनार? ज्याला देतील त्याला मिठी मारावी लागनार. तुमीच तर कागद वाचलावता चावडीवर." तिने सूप मांडीवर ठेवलं. "मला म्हनाले, तू ओटीवरनं टाळ सोडू नको. तुजा टाळ ऐकू येतोय तवर माजं पाय टिकतील. मी नाय सोडला. हाताला फोड आलं, पन सोडला नाय."

"गावाला सांगायचं होतंस, वहिनी! देव दिसला, देव दिसला, ऐकत बसलीस?"

"आनि काय सांगू? मास्तरानं आनली म्हनून? मंग कोनी पोर धाडलं असतं तुमच्या शाळंत? त्यांनी शपत घातली व्हती मला. मास्तराचं नाव निघता कामा नये म्हनून." तिने पदराने तोंड पुसलं. ती रडत नव्हती, तिला कोंड्याने खाज येत होती. "शपत मोडली मी आज. पन तुमी सोळा वर्सं कंबर धरून बसलाव. यांनी वीना वाचवली, ती काय तुमी टाकून द्यावी म्हनून?"

मग ती आत गेली, आणि मी ओटीवर बसून राहिलो. इतकी वर्षं मी एका पापाचा हिशोब घालत होतो आणि तोही चुकीचा निघाला. माझं पाप कमी झालं असं नाही. उलट आता कळतं ते किती लांब गेलं असतं. राघोबुवा, त्यांच्यामागून महादू, त्याच्यामागून सगळी यादी, माझ्याच वळणदार अक्षरातली. तो कागद मी वाचला होता. ऐकला तो एकट्या दादाने. आणि ऐकूनही, मला मिठी मारायला तो आपल्या पायांनी चालत आला. त्या मिठीत तो जास्त वेळ का थांबला होता, हे मला काल, एवढा घोडा झाल्यावर कळलं, आणि मी महादूच्या वाटेकडे तोंड करून, पोरांनी पाहू नये म्हणून उपरण्याने डोळे झाकून, भरपूर रडून घेतलं.

आज सहावा दिवस. मी आंघोळ करून ओल्या पायांनी देवळात गेलो. आधीच्या पहारेकऱ्याने डोळे विस्फारले, पण भेटला. वीणा गळ्यात आली. देवळात टाळकरी होते, दोन ओळींत, रेटून वाजवत होते. तरी त्यांच्या वर मला आमच्या ओटीवरचा एक टाळ ऐकू येत होता. आता काही गरज नव्हती त्याची. वहिनी तरी वाजवत होती. खांबाशी उन्हाचा पट्टा आला होता. मी पाठ टेकली नाही.

पहारा संपला. महादू दारात आला. वाकून माझ्या पाया पडला, मी त्याच्या पडलो. मग त्याने हसून दोन्ही हात पसरले.

मी म्हटलं, "थांब जरा." आणि आधी स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला.